धुऊन वापरायचे पी पॅड : ठमीसोबतचे सात महिने

मे महिन्यात ठमी घरी आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. देशी कुत्र्याचं पिल्लू. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की लसी पूर्ण होईपर्यंत तिला खाली सोडायचं नाही, पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूच्या आजाराची, भीती असते. म्हणजे शी-शू सगळं घरातच. आधी रद्दी पसरली, पण ओला कागद फरशीला चिकटायचा. मग वापरून फेकायचे पी पॅड, म्हणजे शू शोषून घेणारे पॅड, आणले, तर तिने तिसऱ्याच दिवशी एक फाडला आणि आतलं जेल हॉलभर केलं. म्हणून धुता येणारे, 60 बाय 90 सेंटिमीटरचे चार घेतले.

माल चांगला आहे. दोन-तीन वेळची शू एका पॅडमध्ये जिरते, खाली फरशी कोरडी राहते. फक्त धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका. मी एकदा घातलं आणि शू वरच तरंगायला लागली, पुढे दोन-तीन धुण्यांनंतर पॅड पूर्ववत झाला. जुलैत एकेक पॅड वाळायला दोन दिवस लागले. पावसाळ्यात सहा तरी हवेत.

पण नुसता पॅड अंथरून पिल्लू शिकत नाही. झोपून उठली, जेवली, खेळून दमली की लगेच उचलून पॅडवर न्यायची. नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागली की हातात जेमतेम पाच सेकंद असतात. शू संपता क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. मिनिटभर उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला हे तिला कळत नाही. सासरे म्हणाले, चुकली की नाक घास त्यात. मी ठाम नाही म्हटलं. मार बसलेलं पिल्लू शू थांबवत नाही, सोफ्यामागे लपून करायला लागतं. पुढे पहाटे साडेपाचला तिला पॅडवर नेण्याचं काम सासऱ्यांनीच स्वतःकडे घेतलं.

या पॅडचा खरा दोष मला महिन्याभराने कळला. ठमी जागा शिकलीच नव्हती, ती पायाखालचं कापड ओळखायला शिकली होती. त्यामुळे पायपुसणी, सतरंजी, बाथरूमबाहेरचा टॉवेल, सगळीकडे शू. दीड महिना घरातली सगळी पायपुसणी उचलून ठेवली. जिथे चुकायची ती जागा फिनेलने पुसून भागत नव्हतं, ती परत तिथेच हुंगायची. शूचा वास मोडणारं एन्झाइमवालं लिक्विड ओतून दहा मिनिटं तसंच ठेवल्यावर ते थांबलं.

ऑगस्टमध्ये खाली न्यायला लागलो. चाळीस मिनिटं फिरून ती काही न करता वर यायची आणि धावत पॅडवर जाऊन बसायची. मग एक वापरलेला, न धुतलेला पॅड घेऊन खाली गेले आणि बदामाच्या झाडाखाली अंथरला. दोन दिवस नुसतं हुंगणं. तिसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय पॅडवर, मागचे मातीत, आणि शू मातीत. पाऊस नुकताच थांबला होता. चिकनचा डबा उघडताना माझे हात थरथरत होते.

आता एकच पॅड बाल्कनीत असतो, तिचं पोट बिघडलं तर रात्रीसाठी.