आधी हॉटेलचं किचन की थेट कॅमेरा?

माझा भाचा इथेच पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॉटेलच्या किचनमध्ये कॉमीची, म्हणजे सगळ्यात कनिष्ठ शेफची, नोकरी धरावी की कुकरी शोच्या टीममध्ये शिरावं, हा त्याचा पेच. मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितो.

हॉटेलातल्या हालांबद्दल वेगळं सांगायला नको. माझं हॉटेल कोरेगाव पार्कात, घर धायरीला. ब्रेक शिफ्ट असली की दुपारी 3 ते 7 ना घरी जाता यायचं, ना कुठलं काम उरकायचं. पहिले काही महिने तर नुसते कांदे चिरायचे आणि स्टॉक, म्हणजे सूप-रश्श्याचं पाणी, उकळायचं. पैसे, निदान मला तरी, शूटिंगचेच बरे मिळाले.

शूटिंगने शिकवलंही पुष्कळ. एकच भाजी चिरलेली, अर्धी शिजलेली आणि तयार अशी तीन भांड्यांत मांडून ठेवायची. फोडणी तडतडताना बोलणं तुटू द्यायचं नाही. पण एक गोष्ट शेवटपर्यंत सलत राहिली. प्रेक्षकांना जी आमटी उकळताना दिसायची, ती कुणी चाखतच नसे. ‘वा!’ मिळायची ती दुसऱ्या भांड्यातल्या, दिव्यांखाली गार झालेल्या आमटीला. एकदा माझ्याकडून मीठ राहिलं. एपिसोड छान झाला, कुणी काही बोललं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. हॉटेलात ती वाटी पाच मिनिटांत परत आली असती, आणि माझा हात बसला तो अशा परत आलेल्या वाट्यांमुळेच.

संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’, नंतरची फूडफूड वाहिनी, 2017 ची पद्मश्री हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण 1984 मध्ये दिल्लीत पुसा इथल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या इन्स्टिट्यूटमधून ते बाहेर पडले, आणि कार्यक्रम सुरू झाला 1993 मध्ये. त्याआधी ते मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात एक्झिक्युटिव्ह शेफ, म्हणजे किचनचे प्रमुख, होते. पुढे 17 वर्षं लोकांनी त्यांच्या प्रमाणांवर विश्वास ठेवला, त्याचं मूळ मला त्या हॉटेलच्या वर्षांत दिसतं. आपले विष्णू मनोहर 2017 मध्ये नागपुरात सलग 50 तासांहून जास्त वेळ स्वयंपाक करत उभे होते. तेवढा दम रीटेक घेत येईल असं मला वाटत नाही.

अर्थात, घरच्या ओट्यावरून थेट मोबाइलवर नाव कमावलेली माणसंही आहेत, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याला बोलायची मनापासून आवड आहे, घरी पैशांची निकड आहे, त्याने कॅमेरा निवडला तर ते समजण्यासारखं आहे.

भाच्याला मी अजून काहीच सुचवलेलं नाही. कॉमीच्या जागेसाठी होकार 15 तारखेपर्यंत कळवायचा आहे, एवढी आठवण मात्र दोनदा केली.