फर्स्ट कॉपी (हुबेहूब नक्कल) 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारतायत, लातूर-नांदेडकडच्यांनो सावध राहा

आमच्या वहिनीला इन्स्टावरच्या एका पेजवाल्यानं लुई व्हिटॉनची पर्स "ओरिजिनल, कस्टमचा सरप्लस माल" म्हणून अठरा हजाराला विकली, पैसे आधीच युपीआयवर घेतले. पहिल्याच पावसात पट्ट्याच्या कडेचा रंग सुटून हाताला लागला म्हणून गंजगोलाईत बॅगा शिवणाऱ्या मामांकडं नेली, त्यांनी शिवण जराशी उसवली तर आत पुठ्ठा अन् फोम, वरून नुसती रेक्झिनची पट्टी चिकटवलेली. मामा म्हणले, "ताई, ह्याच्यात चामडं नावालाबी नाही."

तो पेजवाला सारखं म्हणायचा की अख्खी पर्स प्युअर लेदर. अहो, त्या कंपनीच्या नेहमीच्या मोनोग्राम (एलव्ही अक्षरांच्या छापाच्या) पर्सचं अंगच मुळात कोटिंग केलेल्या कॅनव्हासचं असतं, चामडं पट्ट्यांना अन् कडांना! आतला, कधी बनली ते सांगणारा कोड दाखवून "बघा, यंदाचाच माल" म्हणला, पण कंपनीनं २०२१ पासून तसला कोड बंद करून चिप टाकायला सुरुवात केलीय. वर ऑथेंटिसिटी कार्ड (माल अस्सल असल्याचं कार्ड) दिलं, ते तर कंपनी देतच नाही. आणि ही कंपनी सेलच लावत नाही, मग स्वस्तातला सरप्लस येणार कुठून?

आमच्यातच काहीजण म्हणतात, फर्स्ट कॉपी घेतली तर काय बिघडलं, दिसायला तर सेमच. ज्याला माहिती असून घ्यायचीय त्याचा वाद वेगळा, मला तरी ते पटत नाही. पण माझ्या भावानं दुसऱ्या नंबरवरून विचारलं तर ह्याच पठ्ठ्यानं वहिनीला पाठवलेला तोच फोटो, खाली तीच निळी फरशी, "सेव्हन ए क्वालिटी कॉपी, बावीसशे" म्हणून पाठवला. म्हणजे गिऱ्हाईक बघून माल ओरिजिनल होतो अन् गिऱ्हाईक बघून कॉपी. संताप झाला नुसता.

पैसे परत मागितले तर म्हणे, "कॉपी घेणं गुन्हाय, तुम्हीच अडकाल." ह्या धमकीला बायका घाबरून गप बसतात हो! ट्रेड मार्क कायदा १९९९ ची कलमं १०३ आणि १०४ खोटा माल बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहेत, ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. स्वतःला वापरायला म्हणून घेणाऱ्यावर नाहीत.

आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर तक्रार दिलीय, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. पैसे गेल्या गेल्या १९३० लावा, उशीर झाला की रक्कम पुढं सरकते. चॅट डिलीट करू नका, युपीआयची पावती ठेवा. त्या निळ्या फरशीवरच्या फोटोतली पर्स कोणाला आली असंल तर तुम्हीपण तक्रार द्या, पेजचं नाव त्यानं आत्ताच बदललंय.