प्रोस्टेटचे किरणोपचार आणि पायांच्या आकसलेल्या धमन्या: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी घेतलेले माझे किरणोपचार संपून आता चौदा महिने झाले आहेत. माझे वय ६९ असून, प्रोस्टेटच्या आजाराचे निदान होण्याच्या साधारण वर्षभर आधी पायांकडे जाणाऱ्या माझ्या धमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवण्यात आला होता. त्यामुळे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू होत्या, रक्तदाबाचे औषध वेगळे. उपचार संपल्यावर दुसऱ्या महिन्यातच हा अनुभव लिहिला असता, तर तो आजच्यापेक्षा बराच आनंदी झाला असता.

मला एकूण ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा २० सत्रांत मिळाली, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे चार आठवडे. पूर्वी हाच उपचार ३७ सत्रांत ७४ ग्रे अशा पद्धतीने दिला जात असे. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत ३२१६ पुरुषांवर या पद्धतींची तुलना झाली आणि २० सत्रांचा कार्यक्रम जुन्या पद्धतीपेक्षा उणा ठरला नाही. प्रत्यक्ष सत्र सोपे होते. मूत्राशय भरलेले आणि गुदाशय रिकामा ठेवून झोपायचे, यंत्र आधी सीटी प्रतिमा घेते, मग किरण दिले जातात आणि पंधरा-वीस मिनिटांत माणूस बाहेर येतो. बोलीभाषेत या उपचाराला ‘शेक’ म्हणतात, पण तो शब्द फसवा आहे. कारण यंत्राखाली ना ऊब जाणवते ना चटका, आणि शेक संपला की त्याचा परिणामही संपला, अशी उगाच समजूत होते.

तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ होऊ लागली आणि रात्री चार-पाच वेळा उठावे लागू लागले. त्यासाठी टॅम्सुलोसिन मिळाले. मूत्रमार्गाचा स्नायू सैल करणारे हे औषध थोडा रक्तदाबही उतरवते, आणि माझे रक्तदाबाचे औषध आधीच चालू असल्याने रात्री उठताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. गोळीची वेळ झोपण्यापूर्वीची केल्यावर आणि पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठण्याची सवय लावून घेतल्यावर ते थांबले. सत्रे संपल्यानंतर सहा आठवड्यांत लघवीची तक्रार जवळजवळ नाहीशी झाली.

सोबत सहा महिने पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शने होती. या गटातील औषधांमुळे मधुमेह, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढू शकतो, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात घालायला लावली. ज्याच्या पायांच्या धमन्या आकसलेल्या आहेत, त्याच्या हृदयाच्या धमन्याही बहुधा निर्दोष नसतात. म्हणून इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी हृदयाची तपासणी आणि कोलेस्टेरॉलच्या औषधाची मात्रा वाढवणे, या दोन्ही गोष्टी करण्यात आल्या. येथे कोणतीही तक्रार नाही.

खरी गुंतागुंत दहाव्या महिन्यात सुरू झाली. शौचाच्या वेळी कागदावर लाल ठिपका दिसला, आठवड्याभरात थेंब पडू लागले आणि नंतर भांडे लाल होऊ लागले. ज्या डॉक्टरांना प्रथम दाखवले, त्यांनी न तपासता मूळव्याध ठरवून मलम दिले आणि त्यात तीन आठवडे गेले. किरणोपचार झाल्याचे मी सांगितले होते, पण ते दहा महिन्यांपूर्वीचे म्हणून दोघांनीही महत्त्वाचे मानले नाही. नंतर दुर्बिणीने तपासल्यावर गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर, म्हणजे नेमकी प्रोस्टेटला टेकलेल्या जागी, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल वाहिन्या दिसल्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तेथील तुकडा मुद्दाम काढला नाही. किरणांचा मारा बसलेल्या त्या भिंतीला जखम केली तर ती भरत नाही, व्रण वाढून छिद्र पडण्याचाही धोका असतो, असे त्यांनी समजावले. दुर्बीण घालणारी व्यक्ती नवीन असेल, तर किरणोपचाराचा इतिहास आपणहून सांगावा. तुकडा घेऊन झाल्यावर सांगण्यात अर्थ नसतो.

हे इतक्या उशिरा का होते, याचे उत्तर मला रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडून मिळाले. किरणांमुळे सूक्ष्म धमन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, ते हळूहळू जाड होत जाते, पोकळी अरुंद होते आणि त्या भागाचा रक्तपुरवठा महिनोनमहिने कमी होत राहतो. उपाशी पडलेली ऊती मग नव्या वाहिन्या उगवते, पण त्या कच्च्या आणि पातळ भिंतीच्या असतात, आणि शौचाच्या साध्या घर्षणानेही फुटतात. ज्याच्या धमन्या तंबाखूने, मधुमेहाने किंवा वयाने आधीच आकसलेल्या असतात, त्याच्याकडे या झिजेला तोंड देण्याइतकी शिल्लक कमी असते. मी धूम्रपान चार वर्षांपूर्वी सोडले. त्याआधीची तीस वर्षे मात्र धमन्यांच्या हिशेबात जमाच आहेत.

त्यावर दोन गोळ्यांची भर. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलने लाल वाहिन्यांचे जाळे निर्माण केले नाही, पण जे ठिपक्यांवर थांबले असते ते वाहू लागले. आणि येथे मला स्वतःलाही दोष द्यावा लागतो. प्रोस्टेटच्या बायोप्सीच्या वेळी, म्हणजे निदानासाठी तुकडा काढताना, क्लोपिडोग्रेल काही दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू केले होते. ते आणखी किती काळ घ्यायचे आहे, हा प्रश्न तेव्हा विचारण्यासारखा होता. कर्करोगाच्या डॉक्टरांनी ते रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांचे औषध मानले, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना किरणोपचाराची बातमीच नव्हती, आणि मी दर महिन्याला जुनीच चिठ्ठी दुकानात देत राहिलो. रक्तस्रावानंतर विचारले, तेव्हा स्टेंटसाठी ते काही महिन्यांपुरतेच हवे होते, आता एकटे ॲस्पिरिन पुरे, असे उत्तर मिळाले. हा निर्णय त्यांनी घेतला, मी नाही; रक्त पाहून घाबरून दोन्ही गोळ्या आपणच बंद केल्या असत्या, तर पायाचा स्टेंट गमावण्याची वेळ आली असती.

दरम्यान एक अनपेक्षित गोष्ट घडली. सपाटीवर मी चारशे मीटर चालू शकत असे, ते अडीचशेवर आले. तेवढ्यातच पोटरी भरून येऊन थांबावे लागे. स्टेंट तुंबला, असे मी गृहीत धरले. परंतु घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर पूर्वीइतकेच, ०.७८ आले आणि डॉप्लर तपासणीतही (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणे) प्रवाह ठीक निघाला. दोष रक्तात होता: हिमोग्लोबिन १३.१ वरून १०.४ झाले होते. अरुंद धमनीतून तेवढेच रक्त जात होते, पण त्यातून पोटरीला मिळणारा प्राणवायू घटला होता. गुदाशयाचा रक्तस्राव पायात जाणवावा, हे माझ्या कल्पनेत कधीच आले नसते.

उपचार म्हणून प्रथम सुक्रालफेट या व्रणावर थर धरणाऱ्या औषधाचा बस्ती (गुदद्वारातून औषध) चार आठवडे घेतला. तो गैरसोयीचा आहे, पण त्याने स्राव निम्म्यावर आला. उरलेल्यासाठी दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने त्या वाहिन्या वरवर डागल्या, तेही दोन बैठकांत आणि थोडे थोडे, कारण रक्तपुरवठा कमी असलेल्या भिंतीवर एकदम जास्त डागले तर व्रण होतो. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळसर होते, त्यामुळे पहिले काही दिवस पुन्हा धास्ती वाटली. लाल आणि काळा यांतला फरक कोणीतरी आधी सांगायला हवा होता.

लैंगिक क्षमता कमी झाली आहे. त्यात किरणांचा वाटा किती, इंजेक्शनांचा किती आणि धमन्यांचा किती, हे वेगळे करता येत नाही.

मूळ आजाराबाबत मात्र उपचाराने आपले काम केले आहे. प्रोस्टेटच्या आजारावर लक्ष ठेवणाऱ्या पीएसए या रक्तचाचणीचा शेवटचा आकडा ०.३ आला. तोच उपचार मी पुन्हा निवडला असता का, असे विचारल्यास उत्तर होय आहे. फक्त पहिल्या सत्राच्या आधी दोन्ही डॉक्टरांची पत्रे एकमेकांच्या हाती स्वतः नेऊन दिली असती आणि प्रत्येक गोळीपुढे ती किती तारखेपर्यंत, हे लिहून घेतले असते. गेल्या पाच आठवड्यांत रक्त दिसलेले नाही, हिमोग्लोबिन १२.६ आहे, आणि कालच्या फेरीत पोटरी साडेतीनशे मीटरवर भरून आली.