औशाच्या गच्चीवर डिजिटल ट्रंकिंग स्कॅनर : दसऱ्यापासून मृगापर्यंतचा अनुभव

डिजिटल ट्रंकिंग स्कॅनर, म्हणजे अनेक गटांनी वाटून घेतलेल्या चॅनलांवरचं वायरलेस बोलणं पकडणारा रेडिओ, घ्यायचा विचार आपल्या भागातलं कुणी करत असेल तर आधीच सांगतो, हातात धरायचा तयार स्कॅनर मागवू नका. असे स्कॅनर मुख्यतः अमेरिकेसाठी बनतात. तिथला पिनकोड टाकला की त्या भागातल्या यंत्रणांची यादी आपोआप भरते, आणि आपण पैसे मोजतो ते बरेचसे या सोयीसाठी. औसा, निलंगा, उमरगा त्या यादीत नाहीत. चांगला स्कॅनर सातशे डॉलरच्या आसपास जातो, वर कस्टम ड्यूटी, शिवाय वायरलेस यंत्र बाहेरून आणायचं म्हणजे परवानगीचा प्रश्न वेगळाच. म्हणून मी दसऱ्याला आरटीएल-एसडीआर जातीचे दोन डोंगल (यूएसबीला लावायचे छोटे रेडिओ रिसीव्हर) घेतले, जुन्या लॅपटॉपवर एसडीआरट्रंक हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं आणि तोच माझा ट्रंकिंग स्कॅनर. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे आधीपासून आहे.

ट्रंकिंग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. साध्या वॉकीटॉकीत प्रत्येक गटाची फ्रिक्वेन्सी ठरलेली असते. ट्रंकिंगमध्ये कुणाचीच ठरलेली नसते. लातूरच्या बसस्थानकात चौकशी खिडकीतून पुकारा होतो, ‘नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे’, आणि नांदेडची माणसं पिशव्या उचलून तिकडं निघतात. हा पुकारा करायचं काम इथं कंट्रोल चॅनल करतो, आणि नांदेडची माणसं म्हणजे टॉकग्रुप. एकानं बटण दाबलं की त्याच्या गटाचे सगळे सेट सेकंदाच्याही आत मोकळ्या चॅनलवर जातात, बोलणं संपलं की परत पुकारा ऐकायला हजर. त्यामुळं मोजक्या फ्रिक्वेन्सींवर शेकडो सेट चालतात. एक डोंगल एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झचाच पट्टा नीट बघतो. पुकारा आणि फलाट त्याहून लांब असतील तर दुसरा डोंगल लागतो, म्हणून दोन.

सुरुवातीचे काही आठवडे मी फक्त सरावासाठीची नमुना रेकॉर्डिंग चालवली. एसडीआरट्रंकमध्ये ती थेट उघडता येतात. पी-२५ या डिजिटल ट्रंकिंग पद्धतीचा कंट्रोल चॅनल सेकंदाला ९६०० बिट पाठवतो, आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत जाते : कुणी बोलायला मागितलं, कोणत्या गटाला, कोणता चॅनल मिळाला, कधी सोडला. आवाज बंद ठेवून नुसत्या ओळी वाचल्या तरी यंत्रणा कशी विचार करते ते कळतं. सगळे चॅनल भरलेले असताना एखाद्या सेटला थांबायला लावल्याची ओळ येते आणि लगेच खाली त्यालाच चॅनल दिल्याची. ते बघण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या. आवाज ऐकायचा तर जेएमबीई नावाची लायब्ररी वेगळी तयार करून घ्यावी लागते, कारण आवाज दाबण्याच्या पद्धतीवर पेटंटचा प्रश्न आहे. त्याची कृती सॉफ्टवेअरमध्येच दिली आहे. टेट्रा ही ट्रंकिंगची दुसरी पद्धत मात्र एसडीआरट्रंकला येत नाही. दिल्ली मेट्रोसारख्या ठिकाणी टेट्राच आहे, तेव्हा हे आधी माहीत असू द्या.

गल्लीतली पोरं गच्चीवर आली की पहिला प्रश्न ठरलेला : ‘काका, ह्यात पोलिसांचं ऐकू येतं का?’ ऐकायचं नसतं, हेच उत्तर मी देतो, आणि इथंही तेच लिहितो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून आताच्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत, दुसऱ्यासाठीचा संदेश चोरून ऐकायला मुभा नाही, आणि परवान्याशिवाय यंत्र बाळगणंही अडचणीचं आहे. कामाच्या ट्रंक यंत्रणा बहुतेक एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात ही गोष्ट वेगळी. पण त्या उघड्या असत्या तरी रुग्णवाहिकेचं बोलणं करमणुकीसाठी ऐकणं मला पटलं नसतं. ऐकण्याची आवड असेल तर हॅमची परीक्षा द्या. वयाची अट १२ वर्षं, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेड या खालच्या परवान्याला मोर्स लागत नाही.

प्रत्यक्ष हवेतलं डिजिटल मी ऐकतो ते हॅमचं डीएमआर, ही डिजिटल बोलण्याची एक पद्धत. घरच्या हॉटस्पॉटवर (सेट इंटरनेटला जोडणारं छोटं यंत्र) टॉकग्रुप ४०४ म्हणजे भारत. हे खरं ट्रंकिंग नाही, पण टॉकग्रुप तेच, आणि १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलमध्ये दोन टाइमस्लॉट ३०-३० मिलिसेकंदांनी आलटून पालटून चालतात. पडद्यावर दोन्ही स्लॉट शेजारी शेजारी दिसतात. एकात हैदराबादचं कुणी बोलतंय, दुसरा रिकामा.

आता डोंगलबद्दल. टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा स्फटिक, असलेलाच घ्या, यात काटकसर नको. स्वस्तातल्या जुन्या डोंगलची फ्रिक्वेन्सी ३० पीपीएमनं (दहा लाखांत ३० भाग) सहज सरकते. ४३७ मेगाहर्ट्झवर ३० पीपीएम म्हणजे १३ किलोहर्ट्झ, म्हणजे अख्खा डीएमआर चॅनलच पलीकडं. १ पीपीएमच्या डोंगलमध्ये हीच चूक ४३७ हर्ट्झ राहते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत माझा डोंगल हात लावू देत नव्हता, तरी फ्रिक्वेन्सी जागेवर होती. धातूची पेटी असलेला प्रकार उष्णता बाहेर टाकतो. आमच्या उन्हाळ्याला तोच पुरतो.

गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, पूर्ण वर नेऊ नका. सिग्नलचे आकडे करणारा डोंगलचा कनव्हर्टर फक्त ८ बिटचा असतो. शेजारी मोबाइल टॉवर आणि जवळचं एफएम स्टेशन असलं की तो भरून जातो आणि नको तिथं खोटे सिग्नल दिसायला लागतात. ॲनालॉगमध्ये सिग्नल पडला की खरखर वाढते, तरी अर्थ लागतो. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत आवाज स्वच्छ, आणि त्याखाली एकदम शांत किंवा तुटके बुडबुडे. म्हणून इथं एकेका डेसिबलला किंमत आहे. एफएमचा पट्टा अडवणारा फिल्टर लावल्यावर माझ्याकडं सगळ्यात जास्त फरक पडला.

त्याच्या खालोखाल फरक केबलनं पडला. १५ मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये ४३७ मेगाहर्ट्झला पाचेक डेसिबल जातात, म्हणजे गच्चीवरून खोलीत येईपर्यंत दोन तृतीयांश सिग्नल संपला. मी डिशची आरजी-६ वापरतो. ती ७५ ओहमची आहे, पण नुसतं ऐकायला त्यानं काही बिघडत नाही, आणि गळती निम्म्यावर येते. अँटेना घरीच केली : वेल्डिंगच्या पितळी सळ्या, पीव्हीसीचा पाइप, १४५ मेगाहर्ट्झसाठी उभी सळई सुमारे ४९ सेंटिमीटर. माकडांनी दोनदा वाकवली, हातानं सरळ केली, चालू आहे. ह्याच अँटेनावर अंतराळ स्थानकाचं १४५.८०० ऐकू येतं. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे जुने हवामान उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, पण रशियाच्या मेटिओर उपग्रहांची चित्रं १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अजून मिळतात. त्याला वेगळी आडवी व्ही अँटेना लागते.

गोंगाटाचं आमच्याकडचं कारण म्हणजे एलईडी दिवे आणि सोलरचे इन्व्हर्टर. लाइट गेली की पडद्यावरचा गोंगाट एकदम खाली बसतो, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर ठेवून मी नेमका तेव्हा ऐकायला बसतो.

हे सगळं शिकताना मला एक गोष्ट मनापासून पटली, आणि ती आमच्या तालुक्यात राहणाऱ्यानं बोललीच पाहिजे. ट्रंकिंग टॉवर आणि मधल्या संगणकावर उभं आहे. टॉवरची वीज गेली, जोडणी तुटली, तर सेट एकमेकांशेजारी असूनही पुकाऱ्याची वाट बघत बसू शकतात. काही यंत्रणांत त्यावर तोड असते, पण ती आधी बसवलेली आणि सरावातली हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि संपर्क तुटलेल्या त्या भागात हॅम मंडळींनी निरोप पोचवले. त्यांच्याजवळ थेट सेट ते सेट बोलणारी साधी यंत्रं होती. म्हणून मी आता डीएमआरच्या सेटमध्येही एक साधा, टॉवरविना चालणारा सिंप्लेक्स चॅनल भरून ठेवला आहे आणि दर रविवारी लातूरच्या मित्राशी त्यावर बोलून बघतो. औसा-लातूर अंतर वीसेक किलोमीटर. गच्चीवरच्या अँटेनानं स्पष्ट येतं, हातातल्या सेटनं येत नाही. ही माहिती मला कुठल्याही टॉकग्रुपपेक्षा मोलाची वाटते.

मृगाच्या तोंडावर विजा फार पडतात. दामिनी ॲपवर इशारा आला की केबल सोडवून खोलीत ठेवायची नाही, गच्चीच्या दाराबाहेरच सोडायची. कनेक्टर तिथंच बसवून घेतला आहे.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं : डोंगलबरोबरच एफ ते एसएमए जोडणी (डिशच्या केबलचं टोक डोंगलला बसवणारी) आणि यूएसबीची लांब वायर मागवा. डोंगल लॅपटॉपला चिकटून ठेवला तर लॅपटॉपचाच गोंगाट आत येतो. ती जोडणी मला लातुरात मिळाली नाही, पुण्याहून कुरिअरनं आणावी लागली.