नवा टायर की रबर चढवलेला? आधी चाक कुठलं ते सांगा

न्हावा शेवा ते भिवंडी कंटेनर ओढायचे आणि अठरा चाकं पोसायची, म्हटल्यावर माणूस रिमोल्डकडे वळणारच. नव्या रेडियल टायरच्या (आत पोलादी तारा असलेला) साधारण एक तृतीयांश पैशांत जुन्या टायरवर रबर चढवून मिळतं.

पुढच्या दोन चाकांना मात्र नवाच. तिथे मी घासाघीस करत नाही. बोरघाट उतरताना पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही, आणि शेजारी भरलेली एसटी असते. आता गंमत बघा, त्या एसटी महामंडळाचे स्वतःचे रिट्रेडिंगचे, म्हणजे टायरवर रबर चढवायचे, कारखाने आहेत. विमानांच्या टायरवरही पुन्हा पुन्हा रबर चढतं. तेव्हा रिमोल्ड म्हणजे भंगार, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

ट्रॉलीचं, म्हणजे मागे कंटेनर वाहणाऱ्या सांगाड्याचं, गणित तर उलटंच आहे. यार्डात गाडी जागच्या जागी वळवली की मागच्या तीन एक्सलची चाकं वळत नाहीत, आडवी फरफटतात. सिमेंटवर ते काळे ओरखडे दिसतात ना, ते आपलेच पैसे. तिथे नवा टायर घालून घासवायचा कशाला? घोड्याच्या, म्हणजे ट्रॉली ओढणाऱ्या पुढच्या इंजिनवाल्या भागाच्या, मागच्या चाकांना मी आधी नवे घालतो आणि झिजले की त्यांच्यावरच रबर चढवून ट्रॉलीला टाकतो.

त्यांच्यावरच, कारण सगळा खेळ केसिंगचा, म्हणजे रबराखालच्या टायरच्या मूळ सांगाड्याचा आहे. एकदा घाईत मी बाजारातून तयार रिमोल्डची जोडी उचलली. ऐन पावसात पनवेलच्या पुढे एकाचा पट्टा उखडला आणि मडगार्ड घेऊन गेला. केसिंग उघडून पाहिलं तर जुन्या खिळ्याच्या भोकातून पाणी शिरून आतल्या तारा गंजलेल्या. वरचं रबर नवंकोरं. आपल्या टायरचं निदान पंक्चर कधी, कुठे झालं ते माहीत असतं. बाजारातला घ्यायचाच तर बाजूवरचे चार आकडे वाचा: 3221 म्हणजे 2021 सालचा 32वा आठवडा. हे वय केसिंगचं, रबराचं नाही.

कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षी उरेपर्यंत टायर चालतो. रबर चढवायचं असेल तर तीन-चार मिलिमीटरवरच काढा. गोटा होऊन तार दिसेपर्यंत पळवलेला टायर चांगला प्लांटवाला परत पाठवतो. जो निमूट घेतो, त्याच्याकडे जाऊ नका. रबर चढवायच्या कोल्ड आणि हॉट अशा दोन पद्धती आहेत; रेडियलला कोल्ड प्रोसेस बरी, हॉटपेक्षा कमी तापमानात होत असल्याने केसिंग कमी भाजतं.

हायवेवर पडलेले रबराचे पट्टे पाहून लोक रिमोल्डला शिव्या घालतात. त्यातले बरेचसे कमी हवेवर पळून तापलेल्या टायरचे असतात, नव्यांचेसुद्धा. जोडचाकांतल्या आतल्या चाकाची हवा कोण बघतं?

आणि जोडीत एक नवा, एक रिमोल्ड असं नको. घेर कमीजास्त असला की मोठा टायर सगळा भार घेतो, लहान नुसता घासत फिरतो. आमचा पंक्चरवाला चढवण्याआधी दोन्हींभोवती टेप फिरवतो, जमलं नाही तर सरळ बाजूला ठेवतो.