सांकेतिक ताब्याचा फ्लॅट आणि 'ताबा काढून देणारा' माणूस

बँकेनं जप्त केलेला फ्लॅट लिलावात बाजारभावापेक्षा स्वस्त पडतो, हे खरं आहे. का स्वस्त पडतो तेही जाहिरातीतच छापलेलं असतं, फक्त बारीक टायपात: 'ताब्याचा प्रकार – सांकेतिक'. म्हणजे बँकेनं सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जापोटी गहाण घर जप्त करून विकू देणारा कायदा) दारावर नोटीस चिकटवली, दोन वर्तमानपत्रांत छापली आणि कागदावर ताबा घेतला. आत माणसं राहतातच आहेत. त्याखालची ओळ 'जसे आहे, जेथे आहे', म्हणजे त्या माणसांसकट घ्या.

सिंहगड रस्त्यावरचा दोन बेडरूमचा असा एक फ्लॅट मी घेतला. बोली लावण्याआधी बघायला गेलो तेव्हा दार एका तरुण जोडप्यानं उघडलं. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी सरळ माणसं. "काका, आमचं डिपॉझिट परत मिळालं की आम्ही लगेच निघू," ती मुलगी म्हणाली. सोबत आलेला एजंट जिन्यात म्हणाला, "सर, ताब्याचं टेन्शन माझ्यावर सोडा. किती तरी ताबे काढून दिलेत."

एकदा बोली लागली की मागे फिरायला वाट नसते. अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात आणि उरलेले पंधरा दिवसांत. बँकेनं लेखी मुदत दिली तर जास्तीत जास्त तीन महिने. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही जप्ती योग्यच ठरवली आहे. त्यात सांकेतिक ताब्याच्या घरावर गृहकर्ज द्यायला बँका नाखूश असतात. लिलाव करणारी बँकसुद्धा, हे विशेष. भविष्य निर्वाह निधी आणि बायकोचं सोनं यांतून पैसे उभे केले.

विक्री प्रमाणपत्र हातात आलं, मुद्रांक शुल्क भरलं आणि फ्लॅटवर गेलो तर ते जोडपं गेलेलं. दारात भलताच माणूस. "मी कर्जाच्या आधीपासूनचा भाडेकरू आहे," म्हणाला आणि नोटरी केलेल्या कराराची झेरॉक्स पुढे केली. तारीख गहाणखताच्या आधीची. ही तारीख सहज निवडलेली नसते. बँकेची ६० दिवसांची मागणी-नोटीस आल्यावर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्यानं देता येत नाही. म्हणून बनावट भाडेकरू नेहमी जुन्या तारखेचाच असतो.

एजंटनं तेव्हा फार समजूतदार चेहरा केला. "सर, कोर्टात गेलात तर वर्षं जातील. तीन लाखांत मिटवतो, पण रोख लागतील." दिले. त्या माणसानं घर सोडलं नाहीच. उलट मला ऐकवलं की त्याच्या हातात पन्नास हजारच पडले, बाकीचे आणा. पुढच्या आठवड्यात त्यानं कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज टाकला. सरफेसी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं भाडेकरूला तशी दाद मागता येते. खऱ्या भाडेकरूसाठी ती तरतूद आवश्यकच आहे. ते जोडपं रातोरात रस्त्यावर आलेलं मलाही बघवलं नसतं.

खरी माहिती मिळाली सोसायटीच्या सेक्रेटरींकडून. हा 'भाडेकरू' कर्जदाराचा साडू. आणि कर्जदार थकबाकीदार झाल्यावर त्याच्या वतीनं बँकेत तडजोडीसाठी फेऱ्या मारणारा माणूस म्हणजे आमचा एजंट. वकिलांनी कराराच्या स्टॅम्पपेपरचा क्रमांक मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत तपासला: तो पेपर कराराच्या तारखेनंतर विकला गेलेला, तोही तिसऱ्याच नावानं. आज अर्जाला उत्तर देताना आमची सगळी भिस्त त्या नोंदवहीवर आहे.

तुम्ही असं घर बघत असाल तर भाडेकरूच्या तोंडी शब्दावर आणि नोटरीच्या शिक्क्यावर जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, शोधता येते. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन कोण कधीपासून राहतंय, थकबाकी किती, ते विचारा. सेक्रेटरीला जे माहीत असतं ते बँकेच्या अधिकाऱ्याला क्वचित माहीत असतं. न्यायाधिकरणात काही प्रकरण चालू आहे का, हे बँकेला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

आणि 'ताबा काढून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेनं जिल्हाधिकाऱ्यांकडे सरफेसीच्या कलम १४ खाली अर्ज करायचा असतो. विक्री झाल्यानंतरही बँक तो करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच सांगितलंय. "आता घर तुमचं, तुम्ही बघा" असं मलाही बँकेत ऐकवण्यात आलं होतं. वकिलाची नोटीस गेल्यावर अर्ज झाला. कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला ३० दिवस, वाढवून ६० दिवस दिलेत. प्रत्यक्षात तहसीलदार आणि पोलीस बंदोबस्त यांची तारीख एकत्र जुळायची वाट बघत बसावं लागतं.

एजंटविरुद्ध पोलिसांत अर्ज दिलाय. रोख रकमेची पावती नाही, व्हॉट्सॲपवरचे संदेश तेवढे आहेत. सोसायटीनं मात्र वेळ न घालवता देखभाल खर्चाचं बिल माझ्या नावे सुरू केलं. त्यात दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही लावलेत, कारण घरात मी राहत नाही, भाडेकरू राहतो.