‘रोख’ शोधताना : शिकागोचे ऑनलाइन मराठी शब्दकोश

मी मुद्रितशोधनाचं काम करते. गेल्या महिन्यात एका लेखाचं दुसरं प्रूफ वाचत होते. मूळ वाक्य ‘त्यांच्या बोलण्याचा रोख माझ्याकडे होता’ असं होतं. प्रुफात ‘रोख’चा ‘ओघ’ झालेला. बदल करणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “ताई, रोख म्हणजे कॅश ना? बोलण्याची कॅश कशी असेल?”

उत्तर ठाऊक होतं, पण त्याला आधार दाखवायचा होता. म्हणून शिकागो विद्यापीठाचं ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ हे संकेतस्थळ उघडलं. मोल्सवर्थचा 1857चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ तिथे दोन्ही फुकट शोधता येतात. दाते-कर्वेंचे जाड खंड कपाटातून काढून पानं उलटायची म्हणजे अर्धी दुपार जाते. इथे शब्द टाकला की नोंद समोर.

पैशाचा रोख वेगळा आणि दिशेचा रोख वेगळा. दिशेचा रोख फारसी ‘रुख’वरून आला, रुख म्हणजे चेहरा. तोंड जिकडे, तिकडे रोख! हे एकदा कळलं की वाऱ्याचा रोख, टीकेचा रोख, प्रश्नाचा रोख सगळं उलगडतं. म्हणूनच बोलण्याचा रोख म्हणजे नुसता विषय नव्हे, त्यामागचा हेतूही. ओघ आपसूक वाहतो; रोख कुणीतरी धरलेला असतो. ‘रोखणे’चं तर मला फार अप्रूप आहे. बंदूक रोखतात तेव्हा नेम धरतात, रस्ता रोखतात तेव्हा अडवतात. समोर तोंड करून कुणी उभं राहिलं की वाट अडणारच, तसंच हे झालं असावं असं मला वाटतं.

शाळकरी मुलांना मात्र मी हे कोश एकट्याने वापरायला देणार नाही. मोल्सवर्थचे अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत आहेत आणि दाते-कर्वेंमधली ‘पु.’ (पुल्लिंगी), ‘फा.’ (फारसी) अशी संक्षिप्त रूपं कुणीतरी समजावून द्यावी लागतात. अलीकडचे शब्द तिथे मिळणार नाहीत. अनुवाद, संपादन, मुद्रितशोधन करणाऱ्यांनी मात्र हे पान रोज उघडं ठेवावं.

त्या मुलाने दोन्ही नोंदी वाचल्या, ‘ओघ’ स्वतःच खोडला आणि समासात ‘रोख’ लिहिलं. मग विचारलं, “आणि कर्जरोखे?” आम्ही पुन्हा शोधायला बसलो.